हापशीला झालेली बाधा

मारुतीच्या पारावर एकवीस बाटल्या उन्हात ओळीनं मांडल्या होत्या आणि अर्धं गाव त्यांच्याकडे टक लावून बसलं होतं. प्रत्येक बाटलीच्या तोंडाला लाल फुगा. बाटल्यांत काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलत कोणी नव्हतं, म्हणून मीच सांगते. गावातल्या बायांची सकाळची पहिली लघवी. मी इथल्या उपकेंद्रात नर्स आहे, रोज मंगरूळपीरहून एसटीनं येते. हीच वस्तू तपासायला आणा म्हणून बायांच्या मागे लागून माझ्या चपला झिजल्या, पण एक बाई आणेल तर शपथ. इथं मात्र पहाटे उठून, पदराखाली झाकून, रांगेत उभं राहून आणल्या होत्या.

हा चमत्कार हरीओम महाराजांचा. ते जऊळक्याकडून आलो म्हणत. जऊळक्यात विचारलं असतं तर तिथल्यांनी आणखी तिसऱ्याच गावाकडे बोट दाखवलं असतं. महिन्याभरात गाव त्यांना फुगेमहाराज म्हणू लागलं. त्यांचं खातं एकच होतं, बायांचा गुप्त आजार. खाज, आग, अंगावरून पांढरं जाणं.

"माय, हे खाज कातडीची नाई," ते डोळे मिटून सांगत. "आत कोनी बसून राह्यलं हाये. त्याले बाहीर याचं हाये, पन रस्ता भेटत नाई. मी रस्ता करून देतो."

रस्ता म्हणजे फुगा. बाटलीत चमचाभर अंगारा टाकायचा, तोंडावर फुगा ताणायचा आणि तीन-चार तास उन्हात ठेवायचं. बाईत काही नसेल तर फुगा लोळत पडे. बाधा असेल तर तो हळूहळू मान वर काढी आणि टरारून फुगे. मग महाराज गाठ सोडून आतली हवा जमलेल्या पुरुषांच्या नाकासमोर धरत. हवेला दारूचा वास येई. भूत पेताड आहे, असं महाराज जाहीर करत. त्या वासाच्या बाबतीत आमच्या गावातल्या पुरुषांचं मत जाणकारांचं मानायला हवं आणि ते सगळे एकमतानं माना डोलवत.

त्या गुरुवारी सर्वांत आधी आणि सर्वांत मोठा फुगला तो पंचफुलाबाईचा फुगा. अकरा वर्षं शाळेतल्या पोरांची खिचडी शिजवणारी ही बाई. सकाळीच महाराज तिला म्हणाले होते, तुझं काही नाही, नुसता मनाचा खेळ आहे. फुगा वर आला तेव्हा मी महाराजांकडे पाहत होते. क्षणभर त्यांचं सगळं महाराजपण उतरलं. ते चक्क घाबरले होते. मग खाकरून त्यांनी आवाज लावला आणि हे तिच्या मेलेल्या सासऱ्याचं भूत असल्याचं सांगितलं.

सासरा गळ्यात माळ घातलेला, सुपारीचंही व्यसन नसलेला माणूस. पण तिची सासू रुखमाबाई यांना त्यातही अडचण दिसली नाही. जित्तेपणी त्यांनी थेंब घेतला नाही, वर गेल्यावर संगत लागली असेल, असं त्या म्हणाल्या. महाराजांनी पाच गुरुवारचे उतारे सांगितले, दवाखान्याच्या गोळ्या बंद सांगितल्या, आणि तोवर हिच्या हातचं कोणी खाऊ नये असंही सांगितलं.

शुक्रवारी शाळेत चौसष्ट पोरांपैकी अकरा पोरं जेवायला बसली. बाकीच्यांच्या आयांनी डबे दिले होते. शाळेच्या समितीनं आणखी एक गुरुवार वाट पाहायची आणि मग दुसरी बाई लावायची, असं ठरवलं. पंचफुलाबाईजवळ दुसरं कुठलंच काम नव्हतं.

शनिवारी ती उपकेंद्रात आली आणि सगळे जाईपर्यंत भिंतीला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "सिस्टर, खरं सांगा. माह्यात कोनी हाये का?"

मी तिला बसवलं. वर्षभरापासून खाज होती. फाटलेल्या दुधासारखं पांढरं जायचं, लघवीला आग व्हायची. मधे मेडिकलमधून कोणाच्या तरी नावानं ट्यूब आणून लावली, आठ दिवस बरं वाटलं, पुन्हा सुरू.

"मंग वर्षभर माह्याकडं काहून नाई आल्या?" माझा आवाज चढलाच.

तिनं बाकड्याकडे पाहिलं, जिथं रोज बीपी मोजायला चार म्हातारे बसलेले असतात. "कशी येऊ? तुमी दारातूनच इचारता, काय होते म्हनून. साऱ्यायसमोर. महाराजानं पडदा लावला हाये."

महाराजांना घालायच्या शिव्या माझ्या तोंडात तयार होत्या. त्या तिथंच राहिल्या. मला लाज वाटली, आणि ती वाटणं योग्यच होतं.

पंचफुलाबाई मात्र रडायला आली नव्हती. अकरा वर्षं फोडणी घालणारी बाई दुसऱ्याच्या हाताकडे बरोबर पाहते. महाराजांकडे दोन थैल्या आहेत, ती म्हणाली, एक लाल, एक पांढरी. ज्यांना लाल थैलीतला अंगारा पडतो त्यांचा फुगा फुगतो. पांढरीतला पडतो त्यांचा नाही. लाल थैली सोयाबीनच्या पैशावाल्या घरांसाठी सुटते, पांढरी तिच्यासारख्या गरिबांसाठी. "पन मले पांढरीतला देला होता, सिस्टर. मंग माह्याच काहून फुगला?"

महाराजांनी कपाळाला लावायला दिलेली पांढऱ्या थैलीतल्या अंगाऱ्याची पुडी तिनं पुढे केली. मी हुंगली आणि एकदम लहानपणच्या घरी गेले. मंगरूळपीरला आमची खोली बेकरीच्या मागच्या भिंतीला लागून होती. भट्टीवाले चाचा पावाच्या मैद्यात जे घालायचे, त्याचा हा वास. खमीर. इंग्रजीत यीस्ट.

खमीर ही जिवंत गोष्ट आहे, डोळ्यांना न दिसणारी बुरशी. ऊब आणि साखर मिळाली की ती साखर खाते, आणि खाऊन झाल्यावर वायू सोडते आणि थोडी दारू करते. मैद्यात घातलं तर पाव फुगतो. बाटलीत घातलं तर फुगा फुगतो, आणि वर दारूचा वास येतो. म्हणजे दोन्हींचा वास एकच यावा म्हणून पांढऱ्या थैलीतही राख आणि खमीर. लाल थैलीत राख, खमीर आणि नक्कीच पिठीसाखर. इतकं सोपं होतं. पंचफुलाबाईला तर साखर घातलीच नव्हती.

मी हातातली पुडी खाली ठेवली. साखर घातली नव्हती, आणि फुगा फुगला होता. मग साखर बाटलीत आधीपासून, म्हणजे लघवीतच, असली पाहिजे.

तिच्या बोटाला सुई टोचली. मशीनवर आकडा आला तीनशे बेचाळीस. तहान लागते का? लागते. रात्री उठावं लागतं? चारदा. पायाला न भरणारी जखम? तिनं लुगडं सारून दाखवली, दोन महिन्यांची होती.

"हाये तुमच्यात कोनीतरी," मी म्हटलं. "पन तो सासरा नाई. साखर हाये."

सोमवारी मी तिला घेऊन ग्रामीण रुग्णालयात गेले. डॉक्टरबाईंनी आत नेऊन नीट तपासलं. अशी बुरशी थोडी थोडी सगळ्यांच्याच अंगात असते आणि गुमान राहते, त्यांनी सांगितलं. बेकरीतल्या खमिराची ती लांबची नातलग. रक्तात साखर वाढली की तिला आयतं जेवण मिळतं आणि ती माजते, मग खाज आणि पांढरं. म्हणून ट्यूबनं तेवढ्यापुरतं बरं वाटायचं आणि पुन्हा व्हायचं. आत ठेवायच्या गोळ्या, वरून लावायचं मलम आणि साखरेचं औषध, सगळं सोबतच सुरू झालं.

गुरुवार उजाडला. मी पोलीस पाटील नानाजींना सकाळीच हापशीवर नेलं आणि त्यांच्याच हातानं दोन बाटल्या पाण्यानं भरून घेतल्या. एकीत चुलीची राख आणि बेकरीतलं खमीर. दुसरीत तेच, वर दोन चमचे साखर. फुगे बांधून दोन्ही बाटल्या पाराच्या टोकाला महाराजांच्या ओळीत नेऊन ठेवल्या. नानाजी पहिल्याच आठवड्यात महाराजांच्या पायाशी नारळ वाहून आलेले, त्यामुळे तोंड कडू करून बसले.

एकच्या सुमारास टोकाचा फुगा टरारला. महाराज जवळ आले. ही बाटली आपण भरलेली नाही, हे त्यांना कळायला हवं होतं. पण मागच्या गुरुवारपासून त्यांचा स्वतःच्याच विद्येवर विश्वास बसला होता.

"हे कोनाची हाये?" ते डोळे मिटून डोलू लागले. "लई जुनी बाधा हाये, माय. तीन पिढ्यायची. बाई घरातली हाये, पन घरात टिकत नाई. येनाऱ्या-जानाऱ्यायले हातवारे करते."

नानाजी उठले. "महाराज, हे हापशीचं पानी हाये. म्या सोता भरलं."

आधी कोणालाच कळेना. मग मागून एक बाई फिस्सकन हसली. हातवारे करणारी, घरात न टिकणारी, तीन पिढ्यांची हापशी पंधरा पावलांवर उभीच होती. पार हसू लागला. महाराजांनी हापशीलाही बाधा होऊ शकते असा मुद्दा मांडून पाहिला आणि तिचा उतारा काढायची तयारीही दाखवली.

तेवढ्यात पंचफुलाबाई उठली, सरळ पडद्याआड गेली आणि लाल थैली घेऊन बाहेर आली. सगळ्यांसमोर तिनं थैलीत बोट घातलं आणि चाटलं. साखर मी तिला बंद केली होती, पण तेवढं एक बोट माफ.

"गोड हाये," ती म्हणाली. "पाहा चाखून."

रुखमाबाईंनी चाखलं. मग समितीच्या अध्यक्षांनी. अंगारा उष्टा केला, आता शक्ती गेली, असं महाराज सांगत होते, पण सांगता सांगता मोटरसायकलकडे सरकत होते. चावी नानाजींच्या खिशात गेली होती. नारळ वाहून बसल्यामुळे त्यांचा राग सगळ्यांत मोठा होता. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार त्यांनीच लिहिली.

पंचफुलाबाई मात्र तिथंच उभी होती. "मले साखरेचा आजार हाये," ती गावाला म्हणाली. "दवाखान्याचं औषध सुरू केलं. कोनाले माह्या हातचं खायचं नसन तर नका खाऊ. पन माह्या सासऱ्याचं नाव खराब नका करू, तो सोन्यासारखा मानूस होता." शुक्रवारी चौसष्टच्या चौसष्ट ताटं मांडली गेली.

पोलिसांनी थैल्या नेल्या. पडदा कोणीच नेला नाही. तो मी धुतला आणि उपकेंद्राच्या कोपऱ्यात दोरीवर लावला. सोमवारी त्याच्याआड पहिल्या येऊन बसल्या त्या रुखमाबाई. बराच वेळ त्यांनी पदराचं टोक पिळलं. मग म्हणाल्या, "मलेबी हाये. पंचफुला लगीन होऊन आली तवाच्या आधीपासून."

तीस वर्षं. मी त्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. हा आजार आहे. तो घाणेरड्या बाईला होत नाही, वाईट चालीच्या बाईलाही होत नाही, कोणालाही होतो. साखर, गरोदरपण, मनानं घेतलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या, दिवसभर अंगावरचे ओले कपडे, यातलं काहीही त्याला पुरतं. पांढरं जाणं म्हणजे दर वेळी हीच बुरशी असते असंही नाही. घाण वास, पोटात दुखणं, रक्त जाणं हे वेगळे आजार असतात, म्हणून शेजारणीची ट्यूब लावू नका, डेटॉलनं धुऊ नका, आधी तपासून घ्या. पुन्हा पुन्हा होत असेल तर साखर मोजा. आणि कोणी आत भूत आहे म्हणाला तर त्याचा अंगारा आधी चाखून पाहा.

काय होतं ते येऊन सांगा. मी आता दारातून विचारत नाही.