दोनशे बारा नंबरचा पाचवा बिल्ला

बिल्ला कधीही घासू नये. माझ्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण या वाक्याने सुरू होतं. जगातल्या सगळ्या संग्राहकांना ते पटेल, आमच्या आईला पटणार नाही.

पितळ चाळीस वर्षांत काळवंडतं आणि तो काळेपणाच बिल्ल्याचं वय सांगतो. घासला की वय पुसलं गेलं. हे मी आईला दहादा सांगितलंय. तरी दर बुद्धपौर्णिमेला घरातली पितळी भांडी निघाली की बिस्किटाच्या डब्यातले बाबांचे चार बिल्लेही निघतात, चिंचेच्या कोळाने घासले जातात आणि चकचकीत होऊन परत डब्यात जातात. चारही बिल्ल्यांवर एकच नंबर आहे, २१२.

ज्यांनी कारखाना आतून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. पूर्वी प्रत्येक कामगाराला त्याच्या नंबरचे पाच बिल्ले मिळायचे. स्टोअरमधून मोजायचं एखादं साधन हवं असेल तर खिडकीत एक बिल्ला द्यायचा. स्टोअरकीपर साधन काढून देणार आणि त्याच्या जागी खिळ्याला तुमचा बिल्ला लटकवणार. साधन परत केलं की बिल्ला परत. नोकरी सोडताना पाचही बिल्ले जमा करायचे, मगच हिशेब मिळायचा. म्हणजे खरं तर एकही बिल्ला कारखान्याबाहेर सापडायला नको. सापडतो, तेव्हा त्याच्यामागे काहीतरी बिनसलेलं असतं. कुणी मशीनवर दगावला, कुणी संपावर गेला तो परत फिरलाच नाही, कुठे कंपनीच एका रात्रीत टाळं लावून पसार झाली. भोसरीपासून चाकणपर्यंत भंगारवाल्यांच्या दुकानांत आणि लोकांच्या माळ्यांवर हिंडून मी असे एकशे चाळीस बिल्ले गोळा केले. पुस्तकात प्रत्येकाला एक पान दिलं. त्यात नंबर, धातू, वर्ष आणि शेवटी एक रकाना, "कसा मिळाला". संग्राहक आधी तोच रकाना वाचतात.

एकसष्टाव्या पानावर तो रकाना कोरा होता. ते पान बाबांचं.

चिंचवडला ज्यांच्या छापखान्यात पुस्तक होतं ते निरंजनराव रोज फोन करत होते. "मॅडम, एका पानासाठी मशीन अडलंय. शुक्रवारी दुपारपर्यंत द्या, नाहीतर कोरंच छापतो."

कोरं छापा म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती, आणि लिहायचं काय तेही ठाऊक नव्हतं. घरात सगळ्यांना माहीत असलेलं एवढंच होतं: त्र्याण्णव साली बाबांना कंपनीतून काढलं. आरोप बोअर गेज चोरल्याचा. छिद्राचा आतला व्यास मोजायचं नाजूक, महागाचं साधन. ते स्टोअरमध्ये नव्हतं आणि त्याच्या खिळ्याला बाबांचा बिल्ला लटकत होता. चौकशीत बाबा म्हणाले, गेज परत केलाय. साहेबांनी विचारलं, मग बिल्ला परत का घेतला नाहीस? यावर बाबा गप्प बसले. तेव्हा गप्प बसले ते आजतागायत. हिशेब मिळाला नाही, त्यामुळे उरलेले चार बिल्ले घरातच राहिले. मग वीस वर्षं भोसरीतल्या लहानसहान वर्कशॉपांत रोजावर लेथ चालवला आणि म्हातारपणी काळेवाडीच्या दोन खोल्यांत येऊन बसले.

मी चाकणच्या एका कंपनीत तपासणी विभागात आहे. तसलाच बोअर गेज रोज माझ्या हातात असतो, आणि हातात घेतला की रोज तोच किडा डोक्यात वळवळतो. घेतला असेल का बाबांनी? निर्दोष माणूस तीस वर्षं गप्प बसतो का? बापाबद्दल असं मनात येतं याची लाज वाटायची. लाज वाटली की राग यायचा आणि तो राग मी आईच्या चिंचेवर काढायचे.

गुरुवारी एमआयडीसीची सुट्टी. सकाळी चहाचा कप हातात घेऊन मी घरभर येरझाऱ्या घालत होते, तेवढ्यात फोन वाजला. वर्षाली नावाच्या बाईंचा मेसेज होता. "तुम्ही जुने बिल्ले गोळा करता असं कळलं. माझे सासरे टूल स्टोअरला होते. घर आवरतोय. हे हवेत का?" खाली फोटो होता, पुठ्ठ्यावर तारेने बांधलेले पंधरा-वीस काळे बिल्ले. फोटो मोठा केला. खालच्या रांगेत २१२.

कप तसाच ठेवला आणि गाडीला किक मारली. वाटेत प्रत्येक सिग्नल माझ्याच नशिबी लाल होता.

चिंचवड गावठाणात देवळामागच्या बोळात त्यांचं घर. वर्षालीचे सासरे उद्धवराव ऐंशीच्या पुढचे, अंगाने वाळलेले, दोन्ही हात थरथरणारे. मी फक्त पुस्तकाचं बोलले, नाव सांगितलं नाही. म्हातारा खुलला. एकेका बिल्ल्यावर बोट ठेवून सांगायला लागला.

"ह्यो शिंद्यांचा रंगराव. दारू पिऊन यायचा, पन मायक्रोमीटर असा धरायचा जसं पाखराचं पिल्लू. ह्यो भिवा. मिलिट्रीत गेला, पुन्हा आलाच न्हाई."

एरवी मी वही काढून भराभर लिहिलं असतं. त्या दिवशी माझं लक्ष एका बोटावर होतं. ते खालच्या रांगेत आलं, दोनशे अकरावर थांबलं आणि तिथून थेट दोनशे अठरावर गेलं.

"मधला राहिला," मी म्हटलं.

"त्यो ऱ्हाऊ द्या."

"का?"

"त्याचं काय खास न्हाई, बाई."

"खास नाही कसं? तो धोंडीबांचा आहे. मी त्यांची मुलगी, आम्रपाली."

म्हाताऱ्याने हात मांडीवर घेतला. चहा घेऊन आलेली वर्षाली दारातच थांबली. मला एक मिनिट गप्प बसवत नाही.

"उद्धवराव, मला एवढंच सांगा. माझ्या बापाने गेज चोरला का?"

"न्हाई," ते म्हणाले. "त्यानं परत केला हुता. माझ्याच हातात दिला."

"मग बिल्ला का नाही दिलात?"

"दिला की. खिडकीच्या फळीवर ठिवला." त्यांनी मान खाली घातली. "बाकीच्यांच्या मी हातात द्यायचो. तुमच्या लोकांचा... फळीवर टाकायचो. तवा सवयच तशी हुती. बाकीचे उचलून न्यायचे, कोन बोलत नव्हतं. धोंडीबा म्हनला, उद्धवराव, मी गेज हातात दिला, तुमी बिल्ला हातात द्या. मी म्हनलो, घ्यायचा तर घे, न्हाईतर जा. त्यो गेला. दोन दिस बिल्ला फळीवरच पडून हुता. मग मी त्यो उचलून खिळ्याला लावला. म्हनलं, येईल झक मारत."

"आणि गेज?"

"तिसऱ्या दिशी बघतो तर जाग्यावर गेज न्हाई. साहेब आले, खिळ्याला बिल्ला. मी म्हनलो, बिल्ला खिळ्यालाच हाय साहेब. खोटं न्हाई बोललो मी."

"बाकीचं नाही सांगितलंत."

"न्हाई. सहा म्हैन्यानं रॅक हलवला. गेज मागं पडला हुता, भिंतीच्या फटीत. आमी गुपचूप जाग्यावर ठिवला. तवा बोललो असतो तर मलाच काढलं असतं. दोन पोरी लग्नाच्या हुत्या, बाई."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मीही एका माणसाची पोरगीच होते हो, चार वर्षांची, असं ओरडावंसं वाटलं. त्याहून जास्त चीड माझी मलाच आली. इतकी वर्षं मी बापावर संशय घेतला होता. आता कळलं, चौकशीत बाबा का गप्प बसले. बिल्ला का घेतला नाहीस याचं खरं उत्तर त्या टेबलापलीकडच्या माणसांना ते काय देणार होते? आणि घरी येऊन बायकोला काय सांगणार होते, हातात दिला नाही म्हणून मी उचलला नाही आणि नोकरी गेली?

उद्धवरावांनी कापऱ्या बोटांनी तार सोडवली. बिल्ला तळहातावर घेऊन माझ्यापुढे धरला. "घ्या. तुमच्या पुस्तकाला लावा."

एकशे चाळीस बिल्ल्यांसाठी मी उन्हातान्हात हिंडले होते. समोर एकशे एकेचाळिसावा होता, न घासलेला, काळाभोर, जसा हवा तसा. माझा हात पुढे गेला होता, तो मी मागे घेतला.

"मला नको. ज्याचा आहे त्याला द्या."

"जित्ता हाय धोंडीबा?" त्यांनी विचारलं.

"काळेवाडीला आहेत."

वर्षाली म्हणाली, "मामंजी, गुडघे बघा तुमचे." त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. "टोपी दे माझी," म्हणाले.

मी गाडी तिथेच लावून रिक्षा केली. वाटभर म्हातारा मूठ आवळून बसला होता आणि मी दर दोन मिनिटांनी रिक्षावाल्याला "जरा दामटा की, भाऊ" म्हणत होते. बाबा काय करतील याची मला धास्ती वाटत होती. ते ओरडणारे नाहीत. ओरडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते मला कळतं.

बाबा खाटेवर बसून रेडिओचं मागचं झाकण उघडत होते. दारात उद्धवराव दिसले तसा त्यांनी पेचकस खाली ठेवला. एकतीस वर्षांनी पाहत होते, पण ओळखायला क्षणही लागला नाही. आई मोरीपाशी भांडी विसळत होती, तिने पदर डोक्यावर घेतला. तिला वाटलं, कुणी पाहुणे.

"बसा, उद्धवराव," बाबा म्हणाले.

उद्धवराव बसले नाहीत. "धोंडीबा, तुझा बिल्ला ऱ्हायला हुता माझ्याकडं."

बाबांनी उजवा हात पुढे केला, तळवा वर. बस, एवढंच. चेहऱ्यावर काही नाही.

उद्धवरावांनी मूठ उघडली, पण हात असा कापत होता की बिल्ला निसटला. फरशीवर टण्णकन पडला आणि गडगडत खाटेखाली गेला. मी खाली वाकले.

"तू उचलू नको," बाबा म्हणाले.

मी सरळ झाले. बाबांचा हात तसाच पुढे होता. उद्धवरावांनी खाटेचा पाय धरला, एक गुडघा टेकला, मग दुसरा. आई पुढे आली, मी तिला मनगट धरून थांबवलं. म्हातारा खाटेखाली चाचपत होता. टोपी पडली. जुन्या चपला, पाण्याचा कॅन, एक पिशवी, सगळं बाजूला सारत शेवटी त्यांना बिल्ला सापडला. तिथूनच, गुडघ्यांवरूनच, डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून त्यांनी तो बाबांच्या तळव्यावर ठेवला. दोघांची बोटं एकमेकांना लागली.

बाबांनी मूठ मिटली. मग दुसऱ्या हाताने उद्धवरावांना दंडाला धरून उठवलं आणि खाटेवर शेजारी बसवलं.

"गेज रॅकमागं घावला हुता," उद्धवराव म्हणाले. "सहा म्हैन्यानं. मी बोललो न्हाई."

मला वाटलं, आता बाबा फुटणार. बाबांनी थोडा वेळ मुठीकडे पाहिलं.

"डायल फुटली नव्हती ना?"

"न्हाई. नीट चालू हुता."

"मी दिला तेव्हा शून्यावर लावून दिला होता," बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरकला. "दर वेळी मी शून्यावर लावून द्यायचो."

"व्हय," उद्धवराव म्हणाले. "तू एकटाच द्यायचास."

मग दोघं म्हातारे एकमेकांकडे न बघता रडले. मीही रडले. आईला काहीच कळलं नव्हतं, ती आमच्याकडे बघून रडायला लागली आणि मग चहा टाकायला गेली. उद्धवरावांनी चहा बशीत ओतून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. जाताना त्यांनी हात जोडले. माफ केलं असं बाबा म्हणाले नाहीत. मीही केलेलं नाही. रिक्षात मात्र मी त्यांना नीट धरून बसवलं.

परत आले तेव्हा आईला सगळं कळलं होतं. मोरीच्या कडेला वाटीत चिंच भिजत होती आणि तिच्या हातात तो काळाभोर बिल्ला होता.

"आई!" मी ओरडले. "घासू नकोस, अगं—"

"घासू दे," खाटेवरून बाबा म्हणाले.

आईने अंगठ्याने चिंच फिरवली. एकतीस वर्षांचा काळेपणा तिच्या बोटांवरून मोरीत गेला. तिने बिल्ला पदराला पुसला आणि बिस्किटाच्या डब्यातले चार काढून त्यांच्याशेजारी ठेवला. पाच झाले. क्षणभर मी नजर वळवली, तेवढ्यात आईने ते मागेपुढे केले, आणि मग नवा कोणता ते मला, संग्राहक म्हणवणारीला, ओळखता येईना.

निरंजनरावांचा फोन आला. मी म्हटलं, एकसष्टावं पान देते, थांबा. फोटो काढला आणि रकान्यात काय लिहू असं बाबांना विचारलं. त्यांनी रेडिओचं झाकण बसवून स्क्रू घट्ट केला.

"कसा मिळाला तेच विचारलंय ना?"

"हो."

"मग लिही, हातात दिला."

एकसष्टाव्या पानावर तेवढंच आहे.