भाड्याच्या सतरंज्या

ते साल एकोणीसशे अठ्ठावन्न. आम्ही बौद्ध होऊन दोन वर्षं झाली होती. बाळापूरला मी, आमचे मालक देवराव, सासूबाई चतुराबाई आणि शेजारची चार घरं मिळून सतरंज्या विणत होतो. मागास जातींच्या सोसायटीला तेव्हा सरकार नवे माग देई, वसतिगृहांच्या सतरंज्यांचं कामही देई. पण जुनी जात लिहिली तरच. बौद्ध लिहिलं की नाव कटलं.

ते काम मिळणारच, या भरवशावर यांनी वसतिगृहांसाठी मोठाल्या निळ्या सतरंज्या आधीच विणून घेतल्या. बाजारात एवढ्या मोठ्या कोण घेणार?

"सायेबानं इचारलं त जुनंच सांगा," यांनी साऱ्यांना बजावलं. "तोंडानं म्हटल्यानं काय झडते?"

सासूबाई मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणत राहिल्या.

सोसायटीची नोंद करायला अकोल्याहून साहेब आले. सतरंजी ओढून पाहिली, खूश झाले. मग पेनाचं टोपण काढलं.

"जात?"

यांनी तोंड उघडलं. तोच मागाच्या खड्ड्यातून सासूबाई म्हणाल्या, "बौद्ध."

"आजी, विचार करा. एकदा लिहिलं की माझ्या हातात काही नाही."

"घरचे देव नदीत सोडले आमी. आता मागासाठी काढाले तुमी उतरता का पान्यात?"

कुणी हसलं नाही. पाचही घरं यांच्या तोंडाकडे पाहत होती. यांनी मान खाली घातली.

"बुढी म्हणते तेच लिहा."

काम गेलं. "चतुरामाय, आता निळं पांघरा अन् निळंच खा!" शेजारचा शालिकराम रोज दारातून टोमणा मारी. दोन घरं मजुरीला गेली.

उन्हाळ्यात आमच्या वस्तीत लग्न निघालं. विटाळ होईल म्हणून गावातली सतरंजी आमच्या मांडवात कधी येत नसे. पाहुणे बारदान्यावर बसत. सासूबाईंनी सगळ्या निळ्या सतरंज्या नेऊन अंथरल्या आणि दुसऱ्या दिवशी वरबापाकडून भाडं मागून घेतलं. त्या वर्षापासून आम्ही विकायला लहान आणि भाड्यानं द्यायला मोठ्या विणू लागलो. तिसऱ्या वर्षी पाटलांचाही माणूस आला. त्याच्याकडून भाडं आधी घेतलं.

महाराष्ट्र झाल्यावर सवलती बौद्धांनाही मिळाल्या. यांनी माग आणले, ते बौद्ध लिहूनच. शालिकरामनं आमच्याच सतरंज्या घेऊन अकोल्यात मांडवाचं दुकान टाकलं. साहेबांची बदली झाली, पुढचं ठाऊक नाही. हे जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. मी अमरावतीला लेकाकडे असते.

सासूबाई एकोणीसशे सहासष्टला गेल्या. लोक बसायला आले, तेव्हा घरात अंथरायला एकही सतरंजी नव्हती. साऱ्या लग्नांत गेल्या होत्या.