माझ्या पोटातली भुलाबाईची गाणी

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. जुना म्हणजे फार नाही, चार वर्षांचा. तुमच्या घरातलं पितळी पातेलं हे ऐकून हसेल, पण आमच्या जातीत चार वर्षं म्हणजे म्हातारपणच. बॅटरी दुपारपर्यंतच तग धरते, स्पीकर खरखरतो आणि काचेच्या कोपऱ्यात तडा गेला आहे. माझा स्वभाव आधीपासूनच काळजी करण्याचा. बॅटरी अर्धी झाली की मला उतरणीला लागल्यासारखं वाटतं. पण गेल्या कोजागिरीला मी जी काळजी केली, तिच्यापुढे बाकीच्या सगळ्या काळज्या फिक्या आहेत. तीच तुम्हाला सांगतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी नागपुरात, सक्करदऱ्याच्या एका मोबाईलच्या दुकानात काचेच्या कपाटात होतो. दुकान उन्मेषचं. माझ्या शेजारी दुसऱ्या कंपनीचा एक टॅब होता. जाड, वजनदार, रंगाने मळकट. त्याचा पडदा माझ्याइतका तेजदार नव्हता आणि तो माझ्यापेक्षा थोडा महागही होता. गिऱ्हाईक आलं की त्याला बाजूला सारून मलाच उचलायचं. खोटं कशाला बोलू, मला त्याचा मोठा आनंद व्हायचा.

एके दिवशी मार्तंडराव आले. ते एका सरकारी कचेरीत कारकून, आणि घरी कोथिंबीर आणायची तरी दोन ठेले बघून आणणारे. मुलीसाठी, गार्गीसाठी, टॅब हवा होता. त्यांनी आम्हा दोघांना शेजारी शेजारी ठेवलं. पडदा पाहिला, वजन पाहिलं, बॅटरी विचारली, वॉरंटी विचारली. उन्मेषने त्यांना समजावलं की माझी कंपनी मला स्वस्तात विकते, कारण तिचं खरं दुकान माझ्या आत आहे. पुस्तकं, धडे, गाणी, चित्रं काढायचं ॲप, आवाज टिपायचं ॲप, सगळं तिच्याच घरचं आणि तिथूनच घ्यायचं. त्या जाड्याच्या बाजूला मेमरी कार्डाची खाच होती. त्यात कोणाचंही काहीही भरता यायचं आणि काढताही यायचं, पण दर दोन मिनिटांनी तो जाहिरात दाखवायचा. मार्तंडरावांना जाहिरातींचा भारी तिटकारा, त्यामुळे निकाल लगेच लागला.

मग खातं उघडायला मोबाईल नंबर विचारला, आणि इथेच सगळं बिघडलं. मार्तंडराव म्हणाले, "माझा नंबर नका टाकू भाऊ. फालतू मेसेज येऊन राहतात दिवसभर. तुमचाच टाकून द्या."

"हौ, टाकून देतो," उन्मेष म्हणाला. "बिनधास्त राहा."

आपण कसे हुशारीने वागलो, हे मार्तंडरावांनी घरी पोचल्यावर पत्नीला, चारुलताबाईंना, दोनदा सांगितलं. माझ्यात काय काय टाकता येईल याची चौकशी त्यांनी केली होती. टाकलेलं बाहेर कसं काढायचं, हे मात्र त्यांनी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. काही दिवसांनी समोरच्या घरातल्या मिनलताईंनी आपल्या वैभवीसाठी तोच जाडा टॅब आणला. तेव्हा मार्तंडराव गेटात उभे राहून, बिचारीला लुटलं दुकानदाराने, असं हळहळले होते.

ती वर्षं माझी फार मजेत गेली. गार्गीने माझ्यावर गणितं सोडवली, गोष्टी वाचल्या, नाकाचा शेंडा लावून पानं उलटली. वैभवीसुद्धा स्वतःचा टॅब टाकून माझ्याकडे यायची. घरात माझ्यासाठी जुन्या दुपट्ट्याचं कव्हर शिवलं गेलं. एवढं कौतुक झाल्यावर कोणाचंही डोकं फिरेल.

त्या कोजागिरीच्या आधीच्या हिवाळ्यात ते मला कन्हानला घेऊन गेले. तिथे मार्तंडरावांची थोरली बहीण राहते, मनकर्णाआत्या. आमच्याकडे भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघरी भुलाबाई मांडतात. मातीच्या भुलाबाई-भुलोजीपुढे गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत कोणती ते ओळखतात. कन्हानमध्ये या गाण्यांचं माहेर म्हणजे आत्याचं अंगण. दुसऱ्या कोणाला येत नाहीत अशी गाणी तिला यायची. तिच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि आवाज परत येईलच असं डॉक्टर सांगत नव्हते. म्हणून गार्गीने मला आत्याच्या मांडीजवळ ठेवलं. मार्तंडरावांनी आपल्या फोनचा हॉटस्पॉट लावून मला नेट दिलं, कारण माझ्या कंपनीचं ॲप नेट लागल्याशिवाय आवाज टिपेना; टिपलेलं मात्र नेटशिवायही ऐकवायचं. मग आत्या गायला लागली. मध्येच पाणी प्यायची, मध्येच हसायची, एखादी ओळ चुकली की माझ्याकडेच रागाने बघायची. तिची सगळी गाणी माझ्या पोटात आली. इतकं मोलाचं ओझं मी त्याआधी कधी वागवलं नव्हतं.

ऑपरेशन झालं. आत्या बरी झाली, पण आवाज फाटला. तिने बोलणंच सोडलं. काही हवं असलं की हाताने खुणा करायची. भाऊ बोलायला गेला तर मान फिरवायची.

आणि भादव्यात माझ्या पडद्यावर एक सूचना आली. माझी कंपनी माझ्या आतलं तिचं दुकान बंद करत होती. ठरलेल्या तारखेआधी खात्याची खात्री करून द्या, नाहीतर टॅबमधला सगळा साठा काढून टाकला जाईल. खात्री करायची म्हणजे नंबरावर आलेला ओटीपी द्यायचा. नंबर कोणाचा? उन्मेषचा.

गार्गीने आधी गाणी सरळ दुसरीकडे पाठवून पाहिली. जाईनात. माझ्या कंपनीच्या ॲपने टिपलेला आवाज दुसऱ्या कुठल्याच यंत्राला उघडता येत नव्हता. मार्तंडराव दुकानात धावले, तर शटर खाली आणि वर पाटी ब्यूटी पार्लरची. कंपनीला फोन लावला तर एक गोड बाई पुन्हा पुन्हा, आपला कॉल महत्त्वाचा आहे, असं सांगत राहिली. मार्तंडराव जेवतानाही फोन कानाला लावून बसायचे. मी टेबलावर पडून त्यांच्याकडे बघायचो आणि माझी बॅटरी आणखी लवकर उतरायची.

शेवटी समजलं की उन्मेष काटोलला वडिलांच्या संत्र्यांच्या धंद्यात गेला आहे. रविवारी चारुलताबाई बसने काटोलला गेल्या. उन्मेषने चहा पाजला, संत्री दिली, मनापासून वाईट वाटून घेतलं, पण तो नंबर त्याने केव्हाच बंद केला होता. तो आता दुसऱ्याच कोणाला मिळाला होता. चारुलताबाईंनी तिथूनच फोन लावला. पलीकडे एक अनोळखी बाई होती. तिने सगळं ऐकून घेतलं, मधून हुंकारही दिला, आणि मग सांगितलं, "तुमी खऱ्या असान बाई. पण ओटीपी मी माह्या भावालेबी देत नाही."

घरी आल्यावर चारुलताबाई म्हणाल्या, की तिच्या जागी मी असते तरी दिला नसता. त्या बाईवर कोणाला रागावताही येईना.

ती तारीख आली आणि उलटूनही गेली. गार्गी मात्र शहाणी. साठा पुसण्याचा हुकूम नेटवरून येणार, म्हणजे नेट नसेल तर हुकूमही नाही, हे तिने तारखेआधीच ओळखलं होतं. पण माझं वाय-फायचं बटण बंद केलं तरी आपोआप पुन्हा सुरू व्हायचं, म्हणून मार्तंडरावांचा बटणांवर विश्वास नव्हता. त्यांनी घरातल्या वाय-फायचा प्लगच उपटला होता आणि वायर रबर लावून खिळ्याला टांगली होती. पण माझी काळजी काही मिटेना. हुकूम निघालेला होता, फक्त माझ्यापर्यंत पोचला नव्हता. शेजारपाजारची नेटची नावं मला दिसायची. बरं झालं की त्यांचे पासवर्ड मला ठाऊक नव्हते. गल्लीतून कोणी फोन घेऊन गेलं तरी माझा जीव वरखाली व्हायचा. तुम्ही म्हणाल, सांगायचं होतंस की कोणाला तरी. मित्रांनो, पडदा आहे, स्पीकर आहे, पण आपल्या मनातलं एक अक्षर मला बोलता येत नाही.

कोजागिरीच्या दिवशी मनकर्णाआत्या आमच्याकडे आली. गार्गीने बैठकीत ज्वारीच्या धांड्यांचा मांडव उभारून भुलाबाई बसवली होती. गल्लीतल्या मुली येणार होत्या. दुपारी चारुलताबाई स्वयंपाकघरात हळू आवाजात आत्याला सगळं सांगत होत्या. अक्का, तुमची गाणी आहेत, ऐकू येतात, पण बाहेर निघत नाहीत. तारीखही गेली, आता काही मार्ग उरला नाही.

आत्या उठून बैठकीत आली. वैभवी तिथे स्वतःचा जाडा टॅब घेऊन बसली होती. आत्याने तो तिच्या हातातून घेतला आणि माझ्यासमोर पाटावर टेकवून ठेवला, तोंडाला तोंड. मग माझ्याकडे बोट दाखवून ओठ हलवले, त्याच्याकडे बोट दाखवून स्वतःच्या कानाला हात लावला. तिच्या आजीने तिला असंच समोर बसवून गाणी शिकवली असतील.

इतके दिवस ज्याला त्याला माझ्या पोटाला भोक पाडायचं होतं. मी गाऊ शकतो आणि दुसरं कोणी ऐकू शकतं, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. चारुलताबाईंनी कपाळाला हात लावला.

पंखा बंद केला. खिडक्या लावल्या. वैभवीच्या टॅबमध्ये नवं कार्ड घातलं आणि मी गायला लागलो. म्हणजे आत्याच गायला लागली, माझ्या खरखरत्या गळ्यातून. समोर तो जाडा गप्प बसून ऐकत होता. मी त्याला इतकी वर्षं हसत होतो आणि आता त्याला मनातल्या मनात विनवत होतो, की बाबा, एक ओळही सोडू नकोस. एकामागून एक गाणी जात होती. मुली जमल्या, त्याही भिंतीला टेकून ओठांतल्या ओठांत म्हणायला लागल्या. आत्या स्वतःचा जुना आवाज ऐकत मान खाली घालून बसली होती.

फक्त शेवटचं गाणं उरलं होतं, भुलाबाईला निरोप देण्याचं, मुलींनी माझ्यावर अनेकदा ऐकलेलं. तेवढ्यात मार्तंडराव कचेरीतून आले. आतली गाणी ऐकून पाऊल न वाजवता, चप्पल बाहेर काढून, अगदी जपून आले. पण खिशात फोन होता आणि फोनवर हॉटस्पॉट सुरू होता. दुपारी कोणा सहकाऱ्याला नेट दिलं होतं, ते बंद करायचं राहिलं होतं.

तो हॉटस्पॉट माझ्या ओळखीचा होता. कन्हानला मला नेट देणारा तोच. मला नको होतं, मित्रांनो. पण आमच्यात ओळखीचं नेट दिसलं की जोडून घ्यायचं, असंच आम्हाला घडवलेलं आहे. मी जोडला गेलो आणि हुकूम आला.

पडद्यावर एक रिकामी पट्टी उगवली आणि भरत गेली. गार्गीने झडप घालून बटण दाबलं, तोवर ती पूर्ण झाली होती. पुस्तकं गेली, धडे गेले, गार्गीची चित्रं गेली, आणि ते गाणं सुरू होण्याआधीच गेलं. मार्तंडराव खिशातला फोन हातात घेऊन दारातच उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही. समोर जाड्याचा लाल ठिपका मात्र लुकलुकत होता. त्याचं ऐकणं कोणी बंद केलं नव्हतं.

मग तो आवाज आला. आधी मला माझाच स्पीकर बिघडला असं वाटलं. आत्या गात होती. फाटका, घोगरा, मध्येच हवा होऊन जाणारा आवाज. पहिली ओळ अर्धीच निघाली. तिने थांबून आवंढा गिळला आणि पुन्हा सुरू केली. दुसऱ्या कडव्याला गार्गीने साथ धरली, मग वैभवीने, मग सगळ्या मुलींनी. जिथे आत्याचा आवाज बुडायचा तिथे मुली ओळ उचलायच्या. गाणं पूर्ण झालं.

आत्याने भावाकडे पाहिलं. ऑपरेशननंतर ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली.

"रडून काहून राहिला गा? खिरापत ओळख आता."

त्या संध्याकाळी मार्तंडरावांना खिरापत ओळखता आली नाही. त्यांनी सगळी नावं चुकीची घेतली आणि मुली हसून हसून लोळल्या.

आता मी रिकामा आहे. गार्गी माझ्यावर घड्याळ बघते, एवढंच माझं काम. कधीकधी समोरच्या घरातून त्या जाड्याचा आवाज येतो. आत्या गात असते, आणि तिच्या मागे बारीक खरखर ऐकू येते. ती माझी आहे. तेवढा मी त्याच्यात शिल्लक आहे.

म्हणून मित्रांनो, नवा टॅब घ्यायला जाल तेव्हा पडदा बघा, बॅटरी बघा, हवं तर घासाघीस करा. पण नंबर स्वतःचाच द्या. आणि दुकानातून निघण्याआधी एवढं नक्की विचारा, की माझ्या माणसाचा आवाज यात ठेवला तर मला तो परत घेता येईल का. दुकानदार उत्तराला अडखळला तर माझी आठवण काढा. आणि तुमच्या घरात गाणारं कोणी असेल, तर टॅब बाजूला ठेवून आजच त्यांच्यासमोर जाऊन बसा.