लॉरिमरची चाकं

अमेरिकेतली लॉरिमर कंपनी सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत बंदही पडली. तिची एक टूरिंग गाडी मात्र आरमोरीत नूर मोहम्मद मिस्त्रींच्या टिनाच्या शेडमध्ये उभी होती. टूरिंग गाडी म्हणजे लांबच्या प्रवासाची उघडी मोटार. वर कापडी टप, बाजूंना काचा नाहीत, आणि पुढून हँडल मारून चालू करायची. चाकांचे आरे बैलगाडीसारखे लाकडी.

जमीलाचे वडील एका लाकूड ठेकेदाराकडे ही गाडी चालवायचे. ठेकेदार गाव सोडून गेला, गाडी वडिलांकडे राहिली. ते वारल्यावर ती जावयाकडे, म्हणजे नूर मोहम्मदांकडे आली. आता नागपूरच्या एका संग्रहालयाला ती दिली होती. उद्या ट्रक येणार होता.

"त्याआधी एकदा मले जंगल नाक्यापर्यंत न्या," जमीला नवऱ्याला म्हणाली होती. "अब्बा मले तिथवर फिरवून आणत."

इंजिन चालत होतं, पण उन्हाळ्यानं आरे वाळून खिळखिळे झाले होते. बंद कंपनीची चाकं मिळणार कुठून? मग नूर मोहम्मदनी गाडीवान करतात तेच केलं. टायर उतरवले आणि चाकं गावच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, बुडवून ठेवली. पाण्यानं लाकूड फुगतं, आरे घट्ट बसतात.

चाकं बाहेर काढायला शेजारचा मुखरू आला, तो हसतच.

"काऊन नूरभाऊ, मोटारीची म्हैस करून टाकली का?"

"म्हैस दूध तं देते, मुखरूभाऊ. हे नुसती पेट्रोल पेते."

"ऊन तापायच्या आत वापस या. लाकूड वाळलं का पुन्हा ढिलं होते."

चाकं पुन्हा बसवल्यावर जमीला मागच्या सीटवर बसली. गाडी गावाबाहेर पडली तशी तिची ओढणी वाऱ्यावर उडू लागली. तिनं ती आवरली नाही. दोन्हीकडे पानगळ झालेला साग होता. कालव्याचा पूल ओलांडला आणि पुढचं चाक कुरकुरू लागलं.

नूर मोहम्मदनी गाडी थांबवली. "इथून वळलो तं घरी पोहोचू. पुढं गेलो तं वापस नाई येता येत."

"नाका किती दूर हाय?"

"तो काय, दिसून राह्यला."

"मंग चला. ट्रकवाल्याले नाक्यावरच बोलवा. आपन बसनं जाऊ."

नाक्याच्या फाटकाजवळ चाक कलंडलं आणि गाडी एका अंगाला झुकून उभी राहिली. नूर मोहम्मद मागं तिच्याजवळ बसायला उठले.

"नका उठू. तसेच बसा. तोंड पुढंच ठेवा."

"काऊन वं?"

"अब्बांचा चेहरा मले आठवत नाई. मी मागं बसत होती. पाठच आठवते."

नूर मोहम्मद पुन्हा बसले. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि पाठ ताठ केली. आरमोरीची बस आली, थांबली, निघून गेली. दोघंही उतरले नाहीत.