टिश्यूची तीन पाकिटं

होककाका फूड हॉलमधला आपला नूडल्सचा स्टॉल कायमचा बंद करून मुलाकडे पर्थला जाणार हे कळल्यावर स्योक हूनने ऑफिसात आजारपणाची रजा टाकली. ती अगदीच खोटी नव्हती. होककाकांच्या हातची 'चार-क्वे-टिओ' नसलेल्या सिंगापुरात राहायचं कसं, या विचाराने तिला खरंच बरं वाटत नव्हतं.

तांदळाच्या रुंद नूडल्स, डुकराची चरबी, काळा गोड सॉस, अंडं, वर अर्ध्या कच्च्या तिसऱ्या शिंपल्या. डॉक्टरांनी नुसतं नाव ऐकून हात जोडावेत असा पदार्थ. आई गेली तेव्हा ती इथेच येऊन बसली होती. घटस्फोटाच्या सह्या झाल्यावर वकिलाकडून थेट इथेच. फ्लॅट नवऱ्याला, तेक बेंगला गेला, गाडीही त्यालाच. तिने एवढंच मागितलं होतं, "होककाकांकडे पाऊल ठेवायचं नाही."

"नाही ठेवणार," तो वकिलासमोर म्हणाला होता.

मागण्याला कारण होतं. ज्या जोलीनपायी संसार मोडला, तिला त्याने पहिल्यांदा जेवायला आणलं ते इथेच. आणि होककाकांनी पुढच्या खेपेला भाबडेपणाने विचारलं होतं, "काय गं, परवा तुझ्या नवऱ्याबरोबर भाची होती का?"

आज तिने इथल्या रिवाजाप्रमाणे आधी स्टुलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरली, मग रांग लावली. ताटली घेऊन परत वळली, तर रांगेच्या शेपटाला तेक बेंग. पांढरा शर्ट, हात मोकळे.

मोकळे हात बघून तिला सगळा उलगडा झाला. या माणसाने संसारभर रांगा लावल्या, पण जागा कधीच धरली नव्हती. ते काम बायकोचं. जागा धरावी लागते, हे त्याला बहुधा ठाऊकच नव्हतं.

तिच्या टेबलावरची तीन पोरं तेवढ्यात उठली. हूनने पर्स उघडली आणि तिन्ही स्टुलांवर एकेक पाकीट ठेवलं. एका बाईंनी "बसू का?" विचारलं. त्यांनाही ती "येताहेत" म्हणाली. सुडात बाहेरच्यांचं थोडं नुकसान होतंच.

होककाका एका वेळी एकच ताटली परततात. तेक बेंगची येईपर्यंत सगळा हॉल भरला होता. ट्रे घेऊन तो दोन फेऱ्या मारून आला.

"हून."

"बोल."

"फार गर्दी आहे गं."

"शेवटचा दिवस ना. तू वकिलासमोर काय म्हणाला होतास?"

"शेवटचाच दिवस म्हणून आलो." त्याने पाकिटांकडे पाहिलं. "इथे कुणी..."

"येताहेत."

"तिघं?"

"तिघं."

"कोण?"

"तुझ्या ओळखीतले नाहीत."

तेक बेंगने आयुष्यात कर चुकवला होता, लग्न मोडलं होतं, सासऱ्यांना दिलेला शब्दही मोडला होता. पण स्टुलावरचं पाकीट उचलायची त्याची छाती होईना. या शहरात कुणाचा नवरा पळवला तर लोक दोन महिने बोलतात. धरलेली जागा घेतली तर फोटो काढून देशभर फिरवतात.

त्याने उभ्याने खायचा प्रयत्न केला. ट्रे कलंडला, एक शिंपली फरशीवर आणि काळा सॉस शर्टावर. मग तो नुसताच उभा राहिला. वाफ विरत गेली.

हून जेवत होती. घाई नाही, रेंगाळणंही नाही, गरम आहे तोवर. चरबीचा शेवटचा कुरकुरीत तुकडा तिने त्याच्या डोळ्यांदेखत दाताखाली फोडला.

तिकडे होककाकांनी चूल विझवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हूननेही वाजवल्या, डोळे भरून आले. मग तिन्ही पाकिटं गोळा केली.

"बस आता."

"ते तिघं?"

"नाही येत म्हणाले."

तो बसला. चरबी पांढरी थिजली होती. काड्यांनी एक नूडल उचलायला गेला, तर सगळा गोळाच वर येऊन हनुवटीला घासला. विझलेल्या चुलीकडे बघून त्याने विचारलं, "आजची कशी होती गं?"

"गरम," हून म्हणाली. पाकिटं आत टाकून तिने पर्सची चेन लावली. "हनुवटीला सॉस लागलाय तुझ्या."

आणि आपली रिकामी ताटली परत ठेवायला निघून गेली.