नळातला ठोका

नदीकाठच्या जाळीच्या पेटीत पाणी काठोकाठ होते, ब्वानाच्या, म्हणजे गोऱ्या मळेमालकाच्या, घरामागच्या टाकीत थेंबही पडत नव्हता, आणि या दोहोंमधला लोखंडी नळ कोठेही फुटलेला नव्हता.

ब्वानाने यावरून एकच निष्कर्ष काढला: नळ ज्यांच्या झोपड्यांजवळून जातो, ते पाणी चोरतात. शनिवारी दुपारपर्यंत टाकी भरू लागली नाही, तर झोपड्या जाळायच्या. मुकादमाने रॉकेलचा डबा माझ्या बहिणीच्या कणगीला टेकवून ठेवला. तो हलवण्याचे धाडस कोणी केले नाही. शेळ्यासुद्धा त्याला वळसा घालून जात.

न्यागुथीताईच्या निरोपावरून मी शनिवारी सकाळी कबेतेहून आलो. तेथे जनावरांच्या प्रयोगशाळेत मी रक्ताच्या काचा तपासतो. ताईने पाणीही विचारले नाही.

"आधी नळाला कान लाव."

मी लावला. आत ठोका पडला. थोड्या वेळाने आणखी एक.

"न्दामाथिया," ती हळूच म्हणाली. "नदीतला मोठा साप. ब्वानानं नदी कोंडली, आता तो बाहेरची वाट शोधतोय. पोरांना दोन दिवस दाराबाहेर सोडलं नाही मी."

"ताई, मनगटाएवढ्या नळात नदीचा साप मावेल कसा?"

"तू शिकलेला. घाल की मग हात."

मी प्रथम वर पेटीपाशी गेलो. जाळी साफ करणारा म्हातारा गाथूरी काठीला टेकून बसला होता. जास्तीचे पाणी पेटीवरून ओसंडून परत नदीला मिळत होते.

"बाबा, पानांखेरीज काही येतं का हो यात?"

"नाव घेण्याजोगं काही नाही."

याचा अर्थ मी 'काही नाही' असा घेतला.

उतरताना मी नळ दगडाने ठोकत आलो. कॉफीच्या शेतापर्यंत आवाज भरीव होता, पुढे पोकळ. रुंद नळाला अरुंद नळ जोडला होता नेमका तेथे. मी जोडाचे झाकण उघडायला घेतले, तेव्हा सारी वस्ती मागे उभी होती; गाथूरीही खाली आला होता. मुकादम डबा हातात घेऊन आला.

"दुपार झाली, किमोथो," तो म्हणाला. "माझा इलाज नाही."

मी कोपरापर्यंत हात घातला. कुजलेली पाने लागली, बुळबुळीत काहीतरी लागले, आणि मग एका थंड, भरीव वस्तूने माझ्या बोटांना उलट धक्का दिला. मी हात झटक्याने बाहेर ओढला. नदीत तसला साप नसतो हे मला ठाऊक होते. तरी मी दोन पावले मागे सरलो.

"बघ," ताई म्हणाली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

मुकादमाने डब्याचे बूच फिरवले. रॉकेलचा वास आला. मी डोळे मिटून पुन्हा हात घातला, ती वस्तू धरली आणि ओढली.

मासा होता. गवतावर तो तडफडला आणि वस्ती एकदम मागे सरली. त्यामागून दोन कुजलेले मासे व पानांचा लगदा आला, आणि पाणी माझ्या छातीवर उसळले. झाकण बसवताच ते टाकीकडे धावू लागले.

"शिवलास," ताई म्हणाली. "आता बकरा कापून शुद्ध झाल्याशिवाय माझ्या चुलीपाशी येऊ नको."

"बाबा, हे तुम्ही पाहिलं होतं?"

"रोज एखादा जाळीत अडकायचा," गाथूरी म्हणाला. "मी शिवलो नाही. काठीनं जाळी उचलायचो. म्हटलं, ब्वानाची वस्तू ब्वानाच्या घरी जाऊ दे."

मुकादमही आमच्यातलाच. त्याने बूच लावले आणि माशापासून शक्य तितक्या लांबून, डबा घेऊन, तो नळाच्या कडेने टाकीकडे गेला.

कारण असे. गळाच्या हौसेसाठी ब्वानाने परदेशी मासे आणून नदीत सोडले होते. आमच्यात मासा सापाच्या जातीतला. त्याला शिवत नाहीत, चारचौघांत त्याचे नाव घेत नाहीत. जाळी उचलली की मासा नळात जाई व त्याच्याबरोबर पानेही. नळ अरुंद होतो तेथे मासे अडकले, त्यांच्यामागे पाने साचली आणि पाणी थांबले. त्यांतला एक मासा अजून जिवंत होता. ठोका त्याच्या शेपटीचा होता.