लाल पट्टी

अंगठ्याला चिकट लागलं. नळीभोवती बोटभर रुंदीचं एक कडं — वरची पट्टी निघून गेली तरी मागे राहिलेला तिचा डिंक, त्यावर तीन आठवड्यांची धूळ बसून काळा पडलेला — आणि खाली न बघताच त्याला कळलं की हा तोच. माइकचे गोल बुडाचे चोवीस स्टँड, सगळे एकाच साच्यातले. पण कुणाच्या नळीला कुठे पोचा आहे, कुणाचं बूड किंचित हलतं, हे त्याच्या हातांना पाठ होतं. गेले तीन आठवडे तो ढिगाच्या या बाजूला फिरकलाच नव्हता. आज नाइलाज होता.

नाइलाज म्हणजे मेहुणा. माइक, स्पीकर, वायरी भाड्यानं देण्याचा धंदा मेहुण्याचा, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचा, आणि हा त्या धंद्याच्या गोदामाचा राखणदार, नोंदवाला, झाडूवाला, पडेल ते. मेहुणा ‘दाजी’ म्हणतो म्हणून ड्रायव्हरपासून समोरच्या चहावाल्यापर्यंत सगळेच दाजी म्हणत. जणू अख्ख्या गल्लीच्या बहिणीशी त्यानं लग्न केलं होतं. सकाळी भिंतीला नवे लोखंडी कप्पे ठोकून झाले तेव्हा मेहुणा दारातूनच म्हणाला होता, “दाजी, आज सगळे स्टँड लावून टाका. तिपायी वर, गोल बुडाचे खाली. मोडकं निघेल ते बाजूला काढा, भंगारात देऊ. आणि हो, दुपारी कानसेन येणार आहे, त्याचे हेडफोन न्यायला. फार बोलत बसू नका त्याच्याशी. रडतो तो.”

रडतो. दारातून आत येताना मान वाकवावी लागते असा तो आडदांड ऑपरेटर. कानसेन हे नाव दाजींनीच ठेवलेलं, वीस वर्षांपूर्वी, नवा नवा आला होता तेव्हा. सभागृहात कुठेतरी बारीक गुंई होत होती आणि यानं डोळे मिटून, मान तिरपी करून, नेमका तिसरा स्पीकर दाखवला होता. सगळं गोदाम दाजींना अहोजाहो करायचं. अरेतुरे करणारा हा एकटा.

दाजींनी तो स्टँड ढिगातून काढला, भिंतीशी उभा केला आणि त्याच्याकडे पाठ करून तिपायी लावायला घेतले. पाय मिटायचे, खीळ फिरवायची, नळी खाली सरकवायची, तोंड एका दिशेला. एक… दोन… कामाला लागलं की बरं वाटतं म्हणतात लोक. लोकांचं काय जातं म्हणायला! सातव्या स्टँडपर्यंत तो मोजत होता आणि आठव्याला हात थांबला, कारण पाठीला कळत होतं की मागे कुणीतरी उभं आहे — कमरेएवढ्या उंचीचं, लोखंडाचं, गप्प.

गोदामात कायदा एकच, आणि तोही त्यानंच केलेला. बिघडलेल्या स्टँडला लाल चिकटपट्टी. लाल पट्टीवाला गाडीत चढायचा नाही, कितीही घाई असो. या कायद्यापायी तो मेहुण्याशीसुद्धा भांडलेला. “दाजींची लाल पट्टी म्हणजे दगडावरची रेघ,” असं कानसेन बाहेर सांगत फिरायचा, आणि दाजी वरवर हसण्यावारी न्यायचे, पण आतून सुखावायचे… सुखावायचो की मी. माणसाला आपलं म्हणून एवढंसं काहीतरी लागतंच.

त्या रविवारी गायकवृंदाच्या कार्यक्रमाला चोवीस हवे होते. तेवीस निघाले. गाडी दारात, ड्रायव्हर भोंगा वाजवतोय, आणि कोपऱ्यात हा, लाल पट्टीवाला. आवळायच्या मुठीच्या आतली चकती झिजली होती. मूठ कितीही आवळली तरी वरची नळी हळूहळू खाली बसायची. त्यानं चलनवहीच्या पुठ्ठ्याचा तुकडा फाडला, दुमडला, चकतीमागे सारला, मूठ आवळली, तळव्यानं दाबून पाहिलं. घट्ट. पुन्हा दाबलं. घट्ट. मग नखानं लाल पट्टीचं टोक उचललं आणि एका ओढीत काढली. तेव्हा मनात काय होतं? काहीच नव्हतं. हेच कुणाला पटणार नाही… एखादं बटण तुटलं की टाचणी लावतो आपण, तेवढंच. संध्याकाळी परत आला की बघू.

कार्यक्रमाच्या मध्येच एका म्हाताऱ्या परिचारिकेचा सत्कार होता. पन्नास वर्षं एकाच दवाखान्यात. दाजी तिथं नव्हते. जे कळलं ते ड्रायव्हरकडून. ती ठेंगणी, म्हणून टाळ्या चालू असतानाच कानसेननं पुढच्या स्टँडची मूठ सैल करून नळी खाली घेतली, मूठ पुन्हा आवळली आणि तो बाजूला झाला. ती दोन्ही हातांनी नळी धरून बोलत होती. छान बोलत होती म्हणे. लोक हसत होते. आणि मध्येच नळी सटकन वीतभर खाली गेली, तिचा आधारच गेला, आणि ती नळीसकट मंचाच्या कडेवरून खाली… मंच जेमतेम गुडघाभर उंच. पण खुब्याचं हाड मोडलं. बाराव्या दिवशी गेली.

लोक म्हणाले, चक्कर आली असेल. तिच्या घरचे म्हणाले, वय झालं होतं. मेहुणा म्हणाला, आपलं नाव कुठं आलं नाही, सुटलो. एकटा कानसेन म्हणाला, “मीच. मूठ शेवटी माझ्या हातात होती. टाळ्यांच्या घाईत आवळायची राहिली.” आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर आला नाही.

बायको परवा कानसेनच्या घरी जाऊन आली. जेवताना सांगत होती, “दिवसभर नळ आवळत असतात हो ते. बंद असलेला नळ. आणि बरण्यांची झाकणं अशी आवळून ठेवतात की वहिनींना उघडत नाहीत. शेजारणीकडे न्याव्या लागतात बिचारीला. तुम्ही जाऊन या ना एकदा, तुमचं ऐकतील ते.” तो म्हणाला, जाईन. भात पुढ्यात ओढून घेतला आणि खाल्लासुद्धा.

गेला नाही. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं — या एका वाक्यावर त्यानं तीन आठवडे काढले होते. मी खोटं बोललेलो नाही. एक शब्द खोटा बोललेलो नाही. मला कुणी विचारलंच नाही, तर मी काय चौकात उभा राहून ओरडू? भित्रा आहे मी, लहानपणापासून भित्रा. भित्र्या माणसाला देवसुद्धा थोडी सूट देत असेल. मेहुण्याचं मीठ खातोय, बायकोचं माहेर आहे, उद्या त्या बाईच्या घरचे आले तर… अशी एकेक कारणं तो काढायचा, पुसायचा, जागेवर ठेवायचा. लावायला दुसरं होतं काय!

शेवटी त्यानं तो स्टँड ओढला आणि मूठ उघडली. पुठ्ठा आतच होता. दाबून चपटा झालेला, तेलानं काळा, कडेला त्याच्याच अक्षरातला अर्धा आकडा. तो त्यानं चिमटीत धरला. टाकावा? ठेवावा? स्टँड भंगारात दिला तर विषय संपला. कप्प्यात लावला तर पुढच्या रविवारी आणखी कुणी… नाही, तेवढा नीच नाही मी. लाल पट्टी लावली तर कुणी म्हणेल, ही होती तर स्टँड बाहेर गेला कसा — आणि बोट आपल्याकडेच येईल. त्यानं पुठ्ठा खिशात घातला, स्टँड कोपऱ्यातल्या फळ्यांच्या मागे सारला, आणि उरलेले तेवीस खालच्या कप्प्यात एका ओळीत लावले.

“मस्त लावलंस रे.”

कानसेन दारात उभा होता. मान वाकवायला लागली नव्हती त्याला. आपोआपच वाकलेली होती. दाढी वाढलेली. रडत मात्र नव्हता.

“ये, ये. हेडफोन काढून ठेवलेत तुझे. चहा सांगू?”

“नको.” तो कप्प्यापाशी येऊन उभा राहिला. ओळीकडे बघत राहिला. “दाजी, त्यातला तो कोणता?”

“कोणता?”

“त्या दिवशीचा. पुढचा. तुला ओळखू येतात सगळे. मला एकदा बघू दे.”

विचारलं. अखेर कुणीतरी विचारलं, आणि तेही यानं. आता सांगायचं, एवढंच सांगायचं की तो इथं नाही, मागे आहे, पट्टी मी काढली, मी… आणि हे सगळं मनात चाललेलं असताना हात खाली गेला, डावीकडून तिसरा स्टँड त्यानं उचलला आणि कानसेनपुढे ठेवला.

“हा,” तो म्हणाला.

कानसेननं आधी नुसतं बोट लावलं. मग नळी वर घेतली, खाली घेतली, छातीखाली, आणखी थोडी खाली. “एवढी होती ती,” तो म्हणाला. मूठ आवळली. तळव्यानं दाबलं. मग दोन्ही हातांनी. मग त्या आडदांड देहाचा सगळा भार त्यावर टाकून, पाय जवळजवळ उचलून, तो तसाच तोलून राहिला. स्टँड तसूभरही हलला नाही. त्यानं मूठ सैल केली. नळी सर्रकन खाली बसली.

“बघ. आवळला की जागचा हलत नाही.” आवाज अगदी साधा होता, वायर तपासून झाल्यावर असायचा तसा. “म्हणजे मीच.”

“अरे, असं कसं… होतं कधीकधी…”

“नाही, बरं झालं. मधूनमधून मनात यायचं, स्टँडच खराब असेल. मग माझीच मला लाज वाटायची. मेलेल्या बाईचं खापर लोखंडावर फोडतोय. आणि तुझ्यावरपण शंका घेतल्यासारखं. तू कसा सोडशील खराब स्टँड!” त्यानं दाजींच्या खांद्यावर हात ठेवला. “बाकी सगळे समजूत काढतात रे. तू निदान दाखवलास.”

हेडफोन काखेत मारून तो निघाला. फाटकापाशी एक हातगाडी आडवी आली म्हणून थांबला. दहा पावलं. एक हाक पुरली असती. ‘अरे’ एवढा शब्द दाजींच्या तोंडात तयारसुद्धा झाला होता. हातगाडी गेली. तो वळला.

डावीकडून तिसरा. तो का काढला आपण? जवळचा पहिला होता. त्याची मूठ जरा जड फिरते. दुसऱ्याचं बूड हलतं. तिसरा सगळ्यांत पक्का, आज लावतानाच तेल दिलेला. घाबरलेल्या माणसाचा हात इतकं नेमकं उचलत नाही. आजवर आपण स्वतःला भित्रा म्हणून सांभाळत आलो, भित्रा म्हणून माफ करत आलो… आणि हा जो कोणी आत होता, ज्यानं एका क्षणात तेविसांतला एक निवडला, तो कधीपासून राहतोय इथं?

आता थरथर सुटेल, आता घाम फुटेल, म्हणून तो कप्प्याला टेकून उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. काहीच झालं नाही. उलट छातीवरचं काहीतरी उतरलं होतं आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदाच श्वास पोटापर्यंत जात होता, सरळ, मोकळा. आणि त्या श्वासाची त्याला अशी काही भीती वाटली की तो धरून ठेवावा म्हणून त्यानं तोंड घट्ट मिटलं, पण श्वास आपला येत राहिला.